एका चाकावर सहाशे वीस किलो

राधानगरीला चहाला थांबलो की आबा आधी गाडीभोवती एक फेरी मारतात. चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस. हात लावल्याशिवाय त्यांना कुठलीच गोष्ट पटत नाही. मागच्या वर्षी फेब्रुवारीत मालवणहून येताना फोंडा घाट चढून आलो होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत दोन मोठ्या बॅगा, सुक्या मासळीचा डबा आणि आईनं हट्टानं घेतलेली आगळाच्या बाटल्यांची पेटी. आबा मागच्या डाव्या चाकाशी वाकले, टायरवर तळहात टेकवला आणि झटक्यात मागं घेतला.

"पोरी, हिकडं ये. हात लावून बघ."

मी लावला. दोन सेकंदसुद्धा ठेववेना. पुढचे दोन्ही टायर नुसते कोमट होते. मागच्या टायरच्या बाजूवरून बोटं फिरवत खाली आले तर रिमपासून चार बोटांवर अर्ध्या लिंबाएवढा उंचवटा लागला. टायरला फुगा आला होता.

फुगा आलेल्या टायरवर एक किलोमीटरही जायचं नसतं. आतले धागे तुटलेले असतात आणि हवा फक्त रबराच्या जिवावर थांबलेली असते. तिथंच स्टेपनी चढवली आणि उरलेले पन्नास किलोमीटर साठच्या वर काटा जाऊ न देता घरी आलो. आबा वाटभर गप्प होते. मागच्या सीटवर माझी दोन्ही मुलं झोपली होती. त्या चाकाच्या अगदी वर धाकटा.

गाडी मर्सिडीजची एस ३५० एल, २००४ ची. आबांनी ती २०११ मध्ये पुण्यातून सेकंड हॅण्ड घेतली. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं पंपाचे सुटे भाग करायचं वर्कशॉप आहे, आणि आयुष्यभर दुसऱ्यांच्या मशीनसाठी मायक्रॉनमध्ये काम केलेल्या आबांना एक तरी असं मशीन घरात हवं होतं, ज्यात कुणी कुठं हात आखडता घेतलेला नाही. आता ते ७६ वर्षांचे आहेत, गाडी मी चालवते. एकवीस वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च कशाला, असं लोक विचारतात. ज्यांनी या गाडीच्या मागच्या सीटवर बसून पुण्यापर्यंतचा प्रवास केलाय ते विचारत नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो टायर वर्कशॉपमध्ये नेला आणि फुग्यावरून आडवा कापला. हे मी सगळ्यांना करायला सांगेन, निदान कुणी कापलेला टायर बघून तरी या. वरचं रबर बाजूला ओढलं की आत उभे धागे दिसतात, गोधडीतल्या टाक्यांसारखे एकाशेजारी एक. फुग्याच्या जागी दोन बोटं रुंदीत ते धागे सरळ तुटलेले होते. टोकं पिंजलेल्या सुतळीसारखी. आमच्या फिटरनं नखानं ती टोकं उचलली आणि म्हणाला, "ताई, हे चिमटलंय. खड्ड्याची कड आणि रिम, ह्या दोघांच्या मधी टायर सापडलाय." बरोबर होतं. फुगा असाच येतो. पण त्याच खड्ड्यातून पुढचं चाकही गेलं होतं, त्याला काही झालं नव्हतं. मागचाच टायर रिमपर्यंत का दबला, हा प्रश्न मला सोडेना.

उत्तराची सुरुवात पेट्रोलच्या झाकणामागं होती. मर्सिडीजमध्ये हवेचा तक्ता त्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवलेला असतो. आमच्या गाडीला कंपनीनं दिलेला टायर २२५/६० आर१६ ९८ डब्ल्यू. आणि चाकांवर होते २१५/६० आर१६ ९५ एच. दोन वर्षांपूर्वी टायर बदलायला गेले तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं, "तुमचा साइज आता येत नाही मॅडम, हा बसतोय, दहा एमएमचा फरक काय कळणार बी नाही." कामाच्या गडबडीत मी मान डोलावली. दहा एमएम तर खरंच कळले नाहीत. कळायला हवा होता तो शेवटचा ९५ चा आकडा, आणि त्याबद्दल ना तो बोलला ना मी विचारलं.

टायरच्या बाजूला जी अक्षरं-आकड्यांची ओळ असते, तिच्यातला पहिला भाग आपल्याकडं सगळ्यांना येतो. २२५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, ६० म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या साठ टक्के, आर म्हणजे रेडियल, १६ म्हणजे रिमचे इंच. दुकानात बोलणं इथंच संपतं. त्यानंतरचा ९८ हा वजनाचा निर्देशांक. तो किलोमध्ये नसतो, तक्त्यातून वाचावा लागतो: ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलो, ९५ म्हणजे ६९०, ९८ म्हणजे ७५०, १०० म्हणजे ८००. आणि शेवटचं अक्षर वेगाचं. एच म्हणजे ताशी २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. वजनाचा आकडा तीननं कमी झाला म्हणजे एका चाकामागं साठ किलो कमी झाले, चार चाकांचे दोनशे चाळीस.

पण मग मीच स्वतःशी वाद घातला. ६९० गुणिले चार म्हणजे २७६० किलो. गाडी तेवढी जड तर नक्कीच नाही. मग बिघडलं कुठं? गाडीचं खरं वजन किती आणि ते कुठल्या चाकावर किती येतं, हे कळल्याशिवाय हा वाद मिटणार नव्हता. आबा म्हणाले, "एवढा इचार कशाला करतीस? काट्यावर घाल."

साखर पट्ट्यात राहण्याचा हा एक फायदा आहे. काटा शोधायला लांब जावं लागत नाही, आणि काट्याबद्दल इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. उसाच्या वजनातली काटामारी हा आमच्याकडं पिढ्यान्पिढ्यांचा रागाचा विषय आहे. म्हणून आबांनी आधी ओळखीच्या ट्रकवाल्याकडून कुठला काटा चोख आहे याची खात्री करून घेतली. शिरोली एमआयडीसीत भंगार आणि कास्टिंगच्या गाड्या जिथं वजन करतात, तिथं रविवारी सकाळी गेलो. काट्यावरचा पोरगा बाहेर आला. "ह्या गाडीचं वजन? कशापायी?" आबांनी त्याला नीट समजावलं, तर तो आमच्यापेक्षा उत्साहानं कामाला लागला.

पद्धत सोपी आहे. आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर घ्यायची, मागची बाहेर. मग पूर्ण गाडी वर घ्यायची. वजाबाकी केली की मागच्या ॲक्सलचं वजन मिळतं. बाहेरची जमीन प्लॅटफॉर्मच्या बरोबरीत सपाट हवी, नाहीतर वजन सरकतं. काटा दहा-दहा किलोंनी वाचतो, म्हणून आम्ही प्रत्येक वजन दोनदा केलं.

टाकी भरलेली, गाडीत मी एकटी: पुढं ९८०, एकूण १८८०. म्हणजे मागं ९००. छान वाटणी. दोन्ही ॲक्सलवर जवळजवळ सारखं.

मग घरच्या सगळ्यांना बसवलं. पुढं माझ्या शेजारी आई, मागं आबा आणि दोन मुलं, डिकीत मालवणच्या अंदाजानं बॅगा आणि भर म्हणून वर्कशॉपमधून आणलेले बारचे तुकडे. पुन्हा काट्यावर. पुढं १०४०, एकूण २२८०. मागं १२४०.

पुढच्या ॲक्सलवर फक्त साठ किलो वाढले होते, मागच्यावर तीनशे चाळीस. आबा पावती हातात धरून बराच वेळ बघत राहिले. मागच्या एका चाकावर ६२० किलो येत होते, आणि तेही वजन दोन्ही बाजूंना अगदी सारखं वाटलं गेलं असं धरून.

इथं या गाडीची एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिनंच आम्हाला इतकी वर्षं फसवलं होतं. साध्या गाडीत मागं तीन माणसं आणि सामान भरलं की गाडी मागून बसते. कमानी दबतात, डोळ्यांना दिसतं, आपण म्हणतो, "लोड झालाय, हळू चल." या गाडीला स्टीलच्या स्प्रिंगांऐवजी हवेचं सस्पेन्शन आहे. वजन वाढलं की कॉम्प्रेसर हवा भरतो आणि गाडी पुन्हा आपल्या उंचीवर येते. रिकामी असो की भरलेली, मागचा मडगार्ड टायरपासून तेवढ्याच अंतरावर. आत बसणाऱ्याला आराम, बघणाऱ्याला शोभा. पण सस्पेन्शन वजन उचलून धरतं, नाहीसं करत नाही. ते सगळं खाली टायरवरच येतं. फरक एवढाच, की ते आता कुणाला दिसत नाही.

घरी येऊन कागद घेऊन बसले. ६२० किलो येतात, टायर ६९० चा. अजून सत्तर किलो शिल्लक. मग फुगा का?

कारण ते ६९० किलो ठरावीक हवेला असतात. साध्या, म्हणजे जादा-भार नसलेल्या कारच्या टायरला युरोपीय मानकात ती हवा, म्हणजे हवेचा दाब, २.५ बार धरतात; पंपावरच्या मापात साधारण ३६ पीएसआय. हवा कमी, तर वजन पेलायची ताकद कमी. वजन टायर पेलत नाही, आतली कोंडलेली हवा पेलते. टायर ती हवा धरून ठेवतो, बस. ताकद किती कमी होते याचं त्या मानकातलं सूत्र आहे: हवेचं गुणोत्तर घ्यायचं आणि त्याचा ०.८ वा घात करायचा. आता कोल्हापुरात कुठल्याही पंपावर, कुठल्याही पंक्चरवाल्याकडं जा. मोटारगाडी दिसली की पाइप लावायच्या आधीच विचारतात, "तीस ना?" आपणही हो म्हणतो. मी वर्षानुवर्षं हो म्हणत आले.

३० पीएसआयला ९५ निर्देशांकाचा टायर किती पेलतो? सुमारे ५९५ किलो. आणि आमच्या चाकावर होते ६२०.

हे गणित मी तीनदा केलं. मग त्याच हवेला ९८ चा टायर धरून केलं: साधारण ६५०. म्हणजे कंपनीनं दिलेला टायर, हवा सहा पीएसआयनं कमी असतानासुद्धा, आमच्या वजनाला पुरून उरला असता. तीन अंकांचा फरक हाच. कमी हवेत बाजू जास्त वाकते, प्रत्येक फेऱ्यात वाकते आणि सरळ होते, त्यात उष्णता तयार होते. आबांच्या तळहाताला चटका बसला तो तिचा. आणि वाकलेल्या बाजूला खड्डा भेटला, की रिम टेकायला फार अंतर उरत नाही. खड्डा रस्त्याचा होता हे खरं. पण टायर आधीच अर्धा दबलेला होता.

मग टायर शोधायला निघाले. आठ दिवस यात गेले.

पहिल्या दोन दुकानांत तोच ९५ चा टायर पुन्हा पुढं आला, कारण त्या साइजचा माल शेल्फवर होता. तिसऱ्या दुकानातला माणूस जाणकार निघाला. त्यानं २१५/६५ आर१६ ९८ एच दाखवला. "तुम्हाला अठ्ठ्याण्णव पाहिजे ना? हा अठ्ठ्याण्णवच आहे. एसयूव्हीला जातोय, कोल्हापुरात पाहिजे तेवढा मिळतो." मी तिथंच मोबाइलवर हिशेब केला. मूळ टायरचा व्यास ६७६ मिलिमीटर, याचा ६८६. दीड टक्का मोठा, स्पीडोमीटर किंचित कमी दाखवणार, मडगार्डला घासणार नाही. वजनाला बरोबर. खरं सांगायचं तर ज्याला दुसरं काहीच मिळत नाही त्याला मी हा ९५ पेक्षा शंभर वेळा आधी घ्यायला सांगेन. पण बाजू उंच, रुंदी कमी आणि वेगाचं अक्षर दोन पायऱ्या खाली. करूळ घाटाच्या वळणांत दोन टनांची गाडी या उंच बाजूवर डोलणार, हे मला नको होतं.

वेगाच्या अक्षरावर तिथं बरीच चर्चा झाली. दुकानदाराचं म्हणणं, "मॅडम, हायवेला शंभरच्या वर परवानगी नाही, दोनशे सत्तरचा टायर काय करायचा?" प्रश्न रास्त आहे. चौपदरी महामार्गाला मोटारींसाठी शंभर आणि द्रुतगती मार्गाला एकशे वीस अशी कमाल मर्यादा २०१८ मध्ये केंद्रानं ठरवली, आणि मी तीही गाठत नाही. पण वेगाचं अक्षर मिळवताना टायरला वजनाखाली फिरवून तापवतात. जास्त अक्षराचा टायर त्या उष्णतेत टिकलेला असतो. एप्रिलमधल्या दुपारी भरलेल्या गाडीनं कागलपासून साताऱ्यापर्यंत जाताना मला वेग नको असतो, ती उष्णता सोसायची तयारी हवी असते. व्ही मिळाला असता तर मी घेतला असता. एचपर्यंत उतरायची माझी तयारी नव्हती.

उद्यमनगरातल्या एका मित्रानं तिसरीच वाट दाखवली. "लोड पाहिजे ना? मग सी मार्कचा घाल की, टेम्पोचा. बॉम्ब टाकला तर फुटायचा नाही." सी मार्कच्या व्यापारी टायरचा निर्देशांक शंभराच्या वर असतो हे खरं, पण ती ताकद कारच्या जवळजवळ दुप्पट हवेला मिळते. ३६ भरून चालवला तर ताकदही नाही आणि आरामही नाही. वर ओल्या रस्त्यावरची पकड कारच्या टायरसारखी नसते. गगनबावड्याच्या पावसात मला ती पकड आधी हवी.

एक्सएलचा मोहही झाला. २२५/६० आर१६ मध्येच १०२ निर्देशांकाचे, जादा-भाराचे टायर असतात, ८५० किलो. ऐकायला फार मोठं. पण ते ८५० किलो ४२ पीएसआयला. आमच्या ३६ ला हिशेब केला तर उरले ७५५. म्हणजे ९८ च्या साध्या टायरएवढेच, फक्त बाजू जास्त ताठ. जास्त हवा भरणार नसाल तर एक्सएलचा जादा आकडा नुसता कागदावर राहतो. तोच मिळाला तर बेलाशक घ्या, पण तो जास्त उचलतो म्हणून त्याच्यासाठी जादा पैसे मोजू नका.

योग्य साइज बाजारात का नाही, याचं कारण त्याच जाणकार दुकानदारानं सांगितलं. जून २०२० पासून टायरची आयात खुल्या यादीतून निर्बंधित यादीत गेली. जे साइज इथं फार खपत नाहीत, ते पूर्वी बाहेरून यायचे. आता परवान्याशिवाय येत नाहीत. आमच्या साइजचा रिम सोळा इंची असूनही टायर रुंद आणि जड गाडीचा. आजच्या गाड्या एक तर यापेक्षा लहान चाकांच्या आहेत नाहीतर सतरा-अठरा इंचांच्या. मधेच अडकलेला साइज.

पुण्यातून एकानं फोनवर सांगितलं, "पाहिजे तोच आहे, ९८ डब्ल्यू, कोरा, कागद बी निघालेला नाही." मी म्हटलं, टायरवर लांबट गोळीच्या आकाराच्या चौकटीत चार आकडे असतात, त्याचा फोटो पाठवा. फोटो आला: २३१८. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०१८ चा तेविसावा आठवडा. जवळजवळ सात वर्षं गोदामात पडून होता. रबर न वापरताही म्हातारं होतं, कडक होतं, बारीक चिरा पडतात. त्याला किंमत निम्मी करायची होती. मी नाही म्हटलं. नक्षी दिसते, वय दिसत नाही, आणि या प्रकरणात न दिसणाऱ्या गोष्टींनीच मला इथवर आणलं होतं.

शेवटी टायर कोल्हापुरातल्याच डीलरनं मिळवून दिले, तीन आठवडे थांबायची तयारी दाखवल्यावर. २२५/६० आर१६ ९८ डब्ल्यू, चार-पाच महिन्यांपूर्वीची तारीख, आयएसआयचं चिन्ह आणि त्याखाली आयएस १५६३३ हा क्रमांक. बाहेरून आलेल्या टायरलाही हे चिन्ह लागतंच. ते नसेल तर माल कुठल्या वाटेनं आला ते विचारा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दुसऱ्या मोठ्या कंपनीचा याच आकड्यांचा, याच वयाचा टायर आधी आला असता तर मी तोही घेतला असता.

चार नाही, पाच घेतले. स्टेपनीची गोष्ट पुढं सांगते असं ठरवून ठेवलं होतं, ती ही. फुगा आलेल्या दिवशी जी स्टेपनी आम्ही चढवली, तिची नक्षी अगदी नवी होती; एवढ्या वर्षांत ती क्वचितच रस्त्याला लागली असावी. घरी येऊन तारीख वाचली: ०८०४. गाडीबरोबर आलेली, एकवीस वर्षांची. पाच माणसांना घेऊन राधानगरीपासून पन्नास किलोमीटर आम्ही त्या टायरवर आलो होतो. ते कळलं तेव्हा मी आबांना लगेच सांगितलं नाही.

एका टायरचे साडेचौदा हजार पडले, बसवणं, बॅलन्सिंग, अलाइनमेंट वेगळं. तेव्हा टायरवर जीएसटी २८ टक्के होता; २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ झालाय, आता घेणाऱ्याला तेवढा दिलासा आहे.

बसवताना शेजारी उभी राहिले, आणि सगळ्यांनी उभं राहावं. हे टायर असममित नक्षीचे होते, म्हणजे एका बाजूवर 'आउटसाइड' कोरलेलं असतं आणि ती बाजू बाहेर यावीच लागते. मशीनवरच्या पोरानं तिसरा टायर उलटा चढवला. वाईट हेतू काही नव्हता, रविवारची गर्दी होती. मी दाखवलं, त्यानं लगेच उतरवून नीट बसवला. जुने व्हॉल्व्ह काढून नवे घालायला लावले; वीसेक रुपयांच्या रबराच्या तुकड्यावर साडेचौदा हजारांची हवा अवलंबून असते. बोल्ट आवळायला इम्पॅक्ट गन वापरली, तर शेवटचा आवळा टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजून आवळायच्या पान्यानं, द्यायला आबांनी लावला. तो रेंच त्यांनी वर्कशॉपमधून पिशवीत घालून आणला होता.

नायट्रोजन भरू का, असं विचारलं. आपल्या साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. उरलेल्यासाठी दर वेळी तेच दुकान शोधत जाण्यापेक्षा साधी हवा महिन्यातून दोनदा तपासणं मला जास्त मोलाचं वाटतं. नाही म्हटलं.

हवेचंच खरं काम नंतर सुरू झालं. आमच्याकडं मशीनच्या तपासणीसाठी कॅलिब्रेट केलेला प्रेशर गेज आहे. नव्या टायरला पंपावर ३६ भरून घेतली आणि थेट वर्कशॉपला येऊन त्या गेजनं मोजली: ३२. चार पीएसआयचा फरक. दुसऱ्या पंपावर केलं, तिथं दोनचा फरक आला. म्हणजे मी ज्याला ३० म्हणत होते ते कदाचित २७-२८ असेल, आणि २८ ला त्या जुन्या ९५ च्या टायरची ताकद ५६५ किलोंवर येते. माझा आधीचा हिशेबसुद्धा सौम्य होता.

आता हवा वर्कशॉपच्या कॉम्प्रेसरवर भरते, सकाळी, टायर गार असताना. पेट्रोलच्या झाकणामागच्या तक्त्यात दोन रकाने आहेत, कमी माणसांचा आणि भरलेल्या गाडीचा, आणि दुसऱ्यात मागच्या चाकांचा आकडा चांगलाच वर जातो. तो रकाना इतकी वर्षं तिथंच होता. टायरच्या बाजूवर कोरलेला कमाल हवेचा आकडा मात्र भरायचा नसतो. टायरला तेवढी सोसते एवढाच त्याचा अर्थ. आणि घाट चढून आल्यावर गेज लावला तर हवा तीन-चार पीएसआय वाढलेली दिसते. ती सोडायची नाही. गार झाल्यावर ती आपोआप जागेवर येते; सोडलीत तर गार झाल्यावर कमी पडते.

मे महिन्यात आम्ही पुन्हा मालवणला गेलो. तेच पाच जण, जवळजवळ तेच सामान. येताना राधानगरीला आबा उतरले, फेरी मारली, मागच्या डाव्या चाकावर हात ठेवला. टायर तापलेला होताच, मे महिना होता. पण हात ठेवता आला.

काट्याच्या चारही पावत्या आरसीबरोबर डॅशबोर्डच्या खणात आहेत. शाई आता फिकट व्हायला लागलीय, म्हणून आकडे मी पेट्रोलच्या झाकणामागच्या तक्त्याखाली मार्करनं लिहून ठेवलेत. दिवाळीत धाकट्या भावानं गाडी जोतिबाला न्यायला मागितली. निघायच्या आधी वर्कशॉपमधून त्याचा फोन आला.

"ताई, मागच्या चाकांत किती हवा भरू?"

"किती जण निघालाय?"

"थांब, मोजतो," तो म्हणाला.